फिल्टर मिळतो, डबा मिळत नाही

गाडी आणि हवा हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला टायर आठवतो आणि चौकातला पंक्चरवाला आठवतो. पण गाडी सगळ्यात जास्त हवा खाते ती इंजिनात. किती खाते? चार मार्कांचा हिशोब आहे, करून बघा. एक लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७४० ग्रॅम. एक भाग पेट्रोल नीट जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. म्हणजे झाली जवळपास अकरा किलो हवा, आणि अकरा किलो हवेचं आकारमान होतं नऊ घनमीटरच्या आसपास. आता आपल्या होस्टेलची खोली घ्या. तीन बाय चार मीटर, उंची तीन मीटर, म्हणजे ३६ घनमीटर. चार लिटर पेट्रोल जाळलं की एक अख्खी खोली रिकामी. आमच्या मामाजींची गाडी लिटरला अकरा-बाराच देते. त्यामुळे सिंदीहून नागपूरला पोचेपर्यंत ती तुमची खोली पिऊन टाकते, रूममेटच्या मोज्यांच्या वासासकट.

ही हवा ज्या वाटेने आत जाते त्या वाटेवरचा एक प्लास्टिकचा डबा आणि एक रबरी पाइप, एवढ्या दोन वस्तू शोधण्यात माझ्या तिसऱ्या वर्षाचा बराच भाग गेला. आणि त्या वस्तू घालवल्या होत्या मीच. तेव्हा या लेखाला तांत्रिक लेख म्हणा किंवा कबुलीजबाब म्हणा, दोन्ही चालेल.

सिंदी (रेल्वे) हे माझं मामाचं गाव. वर्धा जिल्हा, सेलू तालुका, वर्धा-नागपूर रेल्वेमार्गावरचं स्टेशन. पत्ता लिहिताना कंसातला 'रेल्वे' विसरायचा नाही, कारण वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) पण आहे आणि पत्र तिकडे फिरून येतं. गावाभोवती काळी जमीन, त्यात कापूस. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या आणि जिनिंगचा हंगाम सुरू झाला की रस्त्याच्या कडेच्या बाभळींवर सुद्धा रुई लटकलेली दिसते. हा तपशील पुढे कामाचा आहे, लक्षात ठेवा.

मामाजींची गाडी म्हणजे फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स, २००२ चं मॉडेल. २००८ साली त्यांनी ती नागपुरातून सेकंडहँड घेतली. "ही काय स्पोर्ट्स कार झाली का?" असं आमच्या मेकॅनिकलच्या पोट्ट्यांनी मला विचारून झालं आहे. दोन सीटची, टप उघडणारी, अशी व्याख्या धरली तर नाही. पण त्या काळात जिकडेतिकडे मारुती ८०० दिसायची, तिचं इंजिन ७९६ सीसी. आणि इकडे तेवढ्याच धिटुकल्या बॉडीत १५९६ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, सुमारे शंभर अश्वशक्तीचं इंजिन घालून दिलेलं. बुटीबोरीच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की ती काय चीज आहे ते कळतं. सचिन तेंडुलकर तेव्हा फियाटची जाहिरात करायचा. त्याच्या नावाची 'एस-टेन' म्हणून पालिओची मर्यादित आवृत्तीसुद्धा निघाली होती. २००२ मध्ये त्याने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला मायकेल शूमाकरच्या हस्ते फेरारी दिली, आणि पुढच्या वर्षी त्या फेरारीच्या कस्टम ड्युटीवरून पेपरात रान उठलं. मामाजींची गाडी एस-टेन नाही, साधी जीटीएक्स आहे. तरी पाहुण्यांना ते एवढंच सांगतात, "सचिनले दोन गाड्या भेटल्या होत्या. एक फेरारी, अन् दुसरी हे."

आता माझा पराक्रम. २०२३ ची दिवाळी. मी सेकंड इयरला, नुकताच कॉलेजच्या रेसिंग क्लबात शिरलेला आणि डोक्यात वारं भरलेलं. एअर फिल्टरचा मूळ डबा काढून त्याजागी शंकूच्या आकाराचा, लाल रंगाचा, तेल लावलेल्या जाळीचा उघडा फिल्टर बसवला की पॉवर वाढते, हे मी कुठे कुठे ऐकलं होतं. अठराशे रुपयांचा तो फिल्टर घेऊन सिंदीला गेलो आणि मामाजींच्या ओट्यासमोर पाऊण तासात बसवला. रेस दिली की असा काही आवाज यायचा की शेजारची गाय उभी राहिली. मामाजी खूश. मी तर विचारूच नका. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी भंगारवाला आला, त्याला घरातल्या रद्दीसोबत तो जुना डबा देऊन टाकला. प्लास्टिक दहा रुपये किलो, डबा दीड किलोचा. पंधरा रुपये आले. रबरी पाइप तर त्याने फुकटच नेला.

तो पंधरा रुपयांचा डबा काय काम करत होता, हे मला आय.सी. इंजिन्सच्या पुस्तकाने सांगितलं नाही. पुस्तकात 'एअर क्लीनर' म्हणून एक चौकोन असतो, त्यातून बाण जातो, संपलं. खरं म्हणजे त्या चौकोनात बरंच काही चाललेलं असतं. १५९६ सीसीचं इंजिन सहा हजार फेऱ्यांवर फिरत असेल, भरण्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर ते मिनिटाला चार हजार लिटर हवा ओढतं. एवढी हवा गाळायची आणि तिला अडवायचं पण नाही, म्हणून कागदाला घड्या घालून पृष्ठफळ वाढवलेलं असतं. ते घडीचं पुस्तक चारही बाजूंनी घट्ट धरून ठेवणं हे डब्याचं पहिलं काम. दुसरं, डब्याचं नाक पुढे, रेडिएटरच्या बाजूने बाहेरची हवा घेतं. माझा लाल शंकू मात्र बॉनेटखाली, इंजिनच्या अंगावरची तापलेली हवा घेत होता. बाहेर ४२ अंश आणि बॉनेटखाली ७५ अंश धरा. केल्विनमध्ये ३१५ आणि ३४८. भागाकार करा, हवेची घनता साडेनऊ टक्क्यांनी कमी. म्हणजे पॉवर वाढवायला निघालेल्या माणसाने शंभरातले नऊ घोडे स्वतःच्या हाताने सोडून दिले होते. आवाज वाढला होता, तेवढंच. तो आवाजसुद्धा मुळात डब्याच्या बाजूला असलेली एक बंद पोकळी खाऊन टाकायची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक सूर निघतो ना, तीच गंमत उलटी वापरून ठरावीक फेऱ्यांवरची घरघर मारलेली असते.

आणि तिसरं काम रबरी पाइपचं. डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणाऱ्या त्या पाइपला एक छोटी नळी जोडलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. पिस्टनच्या रिंगांवरून निसटून इंजिनच्या पोटात जमा झालेले वायू आणि तेलाची वाफ ती परत हवेच्या वाटेवर आणून सोडते. नव्या फिल्टरला ती जोडायला जागाच नव्हती. मी काय केलं? तोंडाला चिंधी बांधली आणि खाली सोडून दिली. हे लिहिताना आता कान लाल होतात, पण तेव्हा मला ती चिंधी म्हणजे इंजिनिअरिंग वाटली होती.

पहिला हंगाम कसाबसा गेला. २०२४ च्या डिसेंबरात कापसाचे ट्रॅक्टर सुरू झाले आणि गाडीने खरा रंग दाखवला. तेल लावलेल्या जाळीवर रुई चिकटली, रुईवर काळ्या मातीची धूळ बसली, आणि शंकूवर चक्क नमद्यासारखा थर तयार झाला. गाडी आयडलला थरथरायची, पाय उचलला की बंद पडायची. मामाजींनी शहरातल्या एका गॅरेजला दाखवली. तिथे प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, साडेसात हजार घेतले, आणि वर सांगितलं की इंजिन कामाला आलं आहे, पंचेचाळीस हजार लागतील.

जानेवारी २०२५ मध्ये एका रात्री आजीला दम लागला. घरात दुसरी चारचाकी नाही. मामाजी तिला घेऊन सेलूमार्गे सेवाग्रामला निघाले आणि प्रत्येक गतिरोधकावर गाडी बंद. डाव्या पायात क्लच, उजव्या पायाच्या टाचेने ब्रेक आणि चवड्याने अ‍ॅक्सिलरेटर, असं करत त्यांनी ती दवाखान्यात पोचवली. आजी चार दिवसांत घरी आली, ठणठणीत आहे, मला या लेखात तिचं नाव आलं का म्हणून विचारते आहे. पण हे मला मामाजींनी सांगितलंच नाही. मामीने फोनवर सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आता भंगारवाल्याशी बोलनं झालं हाय त्यायचं. बावीस हजार म्हनते थो."

त्या रविवारी मी सिंदीला गेलो.

गावात एक मिस्त्री आहेत. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल हे त्यांचं मुख्य काम. गाडीला हात लावायच्या आधी त्यांनी शंकू काढला, थ्रॉटलच्या तोंडात बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या तळहातावर पुसलं. काळं, चिकट, आणि चोळलं की कचकच करणारं. "हे पाय. वावरातली माती हाय हे. तुया इंजिनानं वावर खाल्लं." शंकूची रबरी मान क्लिपजवळ फाटली होती. जी धूळ जाळीवर अडकत नव्हती ती त्या फटीतून थेट आत जात होती. मग त्यांनी विचारलं, "जुना डबा कुठी हाय?"

मी गप्प. मामाजी पण गप्प. त्यांनी भंगारवाल्याचं नाव काढलं नाही, हे त्यांचे उपकार.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे, कारण मलाही ती तेव्हाच समजली. आत किती हवा चालली आहे हे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळायला हवं, तरच तो मापून पेट्रोल देईल. काही गाड्यांत पाइपमध्येच एक तापती तार असते, ती वाहून जाणारी हवा सरळ मोजते. अशा गाडीचा पाइप तारेच्या पुढे फाटला तर न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण बिघडतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो. गाडी ओरडून सांगते. पालिओत तशी तार नाही. तिच्यात मॅप सेन्सर आहे. तो थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, तापमान बघतो, आणि त्यावरून हवेचा अंदाज बांधतो. त्यामुळे थ्रॉटलच्या अलीकडे पाइप फाटला, डबा नसला, मान चिरली, तरी कॉम्प्युटरच्या दृष्टीने सगळं आलबेल. दिवा नाही, काही नाही. फक्त न गाळलेली माती रोज थोडी थोडी सिलिंडरमध्ये जात राहते आणि रिंगा घासत राहते. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून 'काही एरर नाही' म्हटलं ते खोटं नव्हतं. आयडलला हवा देणारी जी बारीक वाट असते, जिच्यात स्टेपर मोटर सुई मागेपुढे करते, ती वाट तेल, रुई आणि मातीने बुजली होती. म्हणून पाय उचलला की श्वास कोंडायचा.

मिस्त्रींनी थ्रॉटल बॉडी धुतली, स्टेपर साफ केला, आणि गाडी बरी चालली. सोळा दिवस. मग पुन्हा तेच. इंजिन खरंच गेलं आहे का हे बघायला कॉलेजच्या लॅबमधून सरांच्या सहीने कॉम्प्रेशन गेज नेलं. तीन सिलिंडर साडेअकरा बारच्या आसपास, चौथा साडेदहा. म्हणजे इंजिन शाबूत होतं, फक्त हवेची वाट नव्हती. मी मामाजींना म्हटलं, मला पुढच्या दिवाळीपर्यंत मुदत द्या, मी डबा आणतो. ते म्हणाले, "आन बापा. मी काय, गाडी झाकून ठेवतो."

मला वाटलं नागपूरला एक चक्कर मारली की काम होईल. पहिल्याच दुकानात एअर फिल्टर मागितला, तर काउंटरवरच्या माणसाने फळीवरून काढून दिला. अडीचशे रुपये, एकदम कोरा, छापील खोक्यात. मी उड्या मारायच्या बेतात. मग डबा मागितला. तो हसला. "फिल्टर भेटते भाऊ. डबा नाही भेटत." दुसऱ्या दुकानात तेच वाक्य. चौथ्या दुकानापर्यंत मला त्यातलं तत्त्व कळलं. फिल्टर झिजतो. दर दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदलावा लागतो, म्हणून गाडी बंद झाली तरी त्याचं गिऱ्हाईक जिवंत असतं आणि फिल्टर बनवणाऱ्या दहा कंपन्या तो बनवत राहतात. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बेल्ट, सगळ्यांचं तसंच. डबा मात्र कधी झिजत नाही. गाडीच्या आयुष्यात तो कोणी बदलत नाही. त्याचा साचा फक्त मूळ कंपनीसाठी चालतो, आणि गाडी बंद झाली की गोदामात उरला तेवढाच माल. नवा साचा करायला समजा दहा लाख आले आणि भारतभरात घेणारे शंभर निघाले, तर नुसत्या साच्याचे प्रत्येकी दहा हजार. कोण करणार? म्हणजे जो पार्ट सर्वात टिकाऊ, तोच सर्वात दुर्मिळ. जुन्या गाडीत पिस्टन मिळतो आणि झाकण मिळत नाही, त्याचं कारण हे.

मग शोधायची पद्धत बदलली. गाडीचं नाव सोडून इंजिनाचं कूळ धरायचं. उदाहरणार्थ बंगळूरच्या सॅन मोटर्सची 'सॅन स्टॉर्म'. ती खरीखुरी दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार, फायबरची बॉडी. या गाड्या मोजक्याच बनल्या, तिच्या नावाने पार्ट मागाल तर दुकानदार तुमच्याकडेच संशयाने बघेल. पण तिच्यातलं ११४९ सीसीचं इंजिन रेनॉचं, आणि तेच इंजिन युरोपात रेनॉच्या ट्विंगो, क्लिओत लाखोंनी गेलेलं. तिथल्या नावाने शोधलं की रस्ता उघडतो. पालिओचंही तसंच आहे. फियाटने ती 'प्रकल्प १७८' म्हणून अनेक देशांसाठी एकच आखली, १९९६ मध्ये ब्राझीलमध्ये आणली आणि भारतात २००१ मध्ये. तिच्याच सांगाड्यावर सिएना, पेट्रा आणि अ‍ॅडव्हेंचर या बहिणी. म्हणजे मला पालिओ नको, यातली १.६ ची कोणतीही चालेल.

परदेशातून मागवायचाही विचार केला. त्यात दोन खड्डे निघाले. ब्राझीलची पालिओ डाव्या स्टिअरिंगची. ब्रेकचा बूस्टर तिकडे दुसऱ्या अंगाला, त्यामुळे डबा आणि पाइप आपल्या गाडीत जसेच्या तसे बसतील याची खात्री नाही. दक्षिण आफ्रिकेत स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, आणि पालिओ तिथेही विकली गेलेली, म्हणून तिकडचा एक जुना डबा बघितला. डब्याची किंमत परवडणारी, पण कुरिअर! विमानाने जाणाऱ्या मालाला खऱ्या वजनापेक्षा आकाराचं वजन जास्त भरलं तर पैसे त्याचे लागतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले पाच हजार. ४५ गुणिले ३५ गुणिले ३० चं खोकं धरलं तर साडेनऊ किलो. डबा दीड किलोचा. आत काय, तर हवा. हवा वाहून न्यायच्या डब्यातली हवा आफ्रिकेतून आणायचे पैसे मी देणार नव्हतो, आणि माझ्याकडे नव्हतेही.

मे महिन्यात पेपर संपले आणि मी वर्ध्याहून सेवाग्राम एक्सप्रेस पकडली. दादरला उतरून लोकलने कुर्ला. कुर्ल्याहून कलिन्याकडे जाणारा जो सीएसटी रोड आहे, तिथे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार आहे. (सीएसटी म्हणजे तिथे व्ही.टी. स्टेशन नव्हे, सेंट्रल सालसेट ट्रामवे. हे मला नंतर कळलं. आधी मी एका रिक्षावाल्याशी त्यावरून वाद घातला होता.) दरवाजे एका गाळ्यात, दिवे दुसऱ्यात, एका गाळ्यात नुसत्या स्टिअरिंगच्या माळा. नंबरप्लेट सोडून गाडीचं असं काही नाही जे तिथे टांगलेलं नसेल. आणि मजा म्हणजे ज्या कारखान्यात आमची पालिओ जुळली तो याच कुर्ल्यात होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही जागा. इथूनच पद्मिनी निघाल्या, नंतर फियाटच्या गाड्या, मग फियाटचं काम रांजणगावला गेलं. एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला बसायला स्टूल दिलं आणि पद्मिनीची कहाणी ऐकवली. टॅक्सीवाल्यांमुळे तिचे पार्ट वर्षानुवर्षं खपले, अगदी डब्यापासून डिकीच्या कुलुपापर्यंत. मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. "तेरे पालिओ का टॅक्सी बना होता, तो तेरेको इधर आना नहीं पडता," असं तो म्हणाला. पटलं.

पहिल्या दिवशी काही नाही. एकाने १.२ चा डबा पुढे केला, 'सेम टू सेम' म्हणाला. मी व्हर्नियर काढला तसा तो डबा आत गेला. खिशात व्हर्नियर बाळगणे ही या बाजारातली सर्वात उपयोगी सवय आहे. गाडीचं मॉडेल सांगून काही होत नाही, तोंडाचा व्यास, कानांमधलं अंतर आणि फियाटच्या भागावर ओतलेला नंबर, या तीन गोष्टी कागदावर लागतात. मी नंबर कुठून आणला? गाडीत उरलेल्या ब्रॅकेटवरून डब्याच्या कानांची मापं घेतली होती, आणि नंबर एका पालिओवाल्या काकांनी आपल्या डब्याचा फोटो पाठवून दिला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एका गाळ्यामागे अर्धी उघडलेली पेट्रा १.६ दिसली. बॉनेट नव्हतं, पण डबा जागेवर होता. नंबर जुळला. त्याने साडेतीन हजार सांगितले, बावीसशेला दिला. पंधरा रुपयांना विकलेली वस्तू बावीसशेला घेतली, शिवाय तिकिटं, शिवाय वडापाव.

डबा आला, पाइप मात्र नाही. पेट्राचा पाइप घड्यांमध्ये इतका चिरला होता की हातात घेताच दोन तुकडे. रबर उन्हाने, तेलाच्या वाफेने आणि वयाने असंच होतं, त्याला कोणाचा दोष नाही. मग पाइप आपल्या वर्कशॉपमध्येच करायचं ठरलं. आधी वाकड्या तारेने थ्रॉटलपासून डब्यापर्यंतचा मार्ग काढून घेतला. त्यावरून अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची दोन बाकं निवडली, कापली, जोडली. ब्रीदरसाठी बाजूला लहान नळी टिग वेल्डिंगने लावली. अ‍ॅल्युमिनियमचं वेल्डिंग मला जमलं नाही, पहिल्या खेपेला भोकच पडलं. ते वर्कशॉपच्या मामांनी करून दिलं आणि मला तीन दिवस बाकीच्यांचे जॉब घासायला लावले. दोन्ही टोकांना सिलिकॉनचे जोड. हे महत्त्वाचं, कारण इंजिन आपल्या रबरी पायांवर हलतं आणि डबा बॉडीला धरलेला असतो. मधली नळी सगळी कडक ठेवली तर डब्याचा कान तुटणार. नळीच्या टोकावर थोडा उंचवटा काढला, म्हणजे क्लॅम्प आवळल्यावर जोड निसटत नाही. आणि नळी बसवण्यापूर्वी आतून धुतली, तीनदा. वेल्डिंगचा एक कण आत गेला तर तो मातीपेक्षा वाईट.

गळती बघायला पेट्रोल किंवा क्लीनर फवारण्याची पद्धत काही जण सांगतात. तापल्या इंजिनावर ते करू नका. आम्ही उदबत्ती वापरली. इंजिन चालू ठेवायचं आणि धूर सांध्याजवळून हळू न्यायचा. जिथे फट आहे तिथे धूर सरळ आत ओढला जातो. खालच्या जोडाशी एकदा ओढला गेला, क्लॅम्प एक फेरा आवळला, मग धूर निवांत वर गेला. मामी म्हणाली, बरं झालं, गाडीची पूजा पण झाली.

पण हे सगळं व्हायला सप्टेंबर उजाडला. तोवर गाडी ओट्यासमोर ताडपत्रीखाली. मध्ये ऑगस्टमध्ये तान्हा पोळा आला. आमच्या सिंदीचा तान्हा पोळा पंचक्रोशीत नावाजलेला, माणसाएवढे लाकडी नंदी चाकांवर ओढत आणतात. एक पोट्टा ताडपत्री उचलून आत बघत म्हणाला, "मामाजी, आमच्या नंदीले चाकं हाय तं थो चालते. तुमच्या गाडीले पन चाकं हाय न?" मामाजींनी मला त्याच संध्याकाळी फोन केला होता.

आता गाडी चालते. रेस दिली तरी शेजारची गाय बसूनच असते. कागदपत्रांचं नूतनीकरण २०२७ पर्यंत आहे. या हंगामात दर पंधरा दिवसांनी मामाजी स्वतः झाकण उघडून फिल्टर झटकतात आणि थ्रॉटलमध्ये बोट घालून मला फोनवर सांगतात, "कोरडं हाय." चौथ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पुन्हा बघायचं आहे, गेज लॅबमध्ये परत गेलं आहे आणि सर दुसऱ्यांदा सही देताना दहा प्रश्न विचारतात.

एक काम राहिलं आहे. डब्याच्या झाकणाला चार क्लिपा लागतात, कुर्ल्याच्या डब्याला तीनच निघाल्या. चौथ्या जागी सध्या बाइंडिंग वायर आहे. तुमच्या गावी कुठे पालिओ, सिएना, पेट्रा नाहीतर अ‍ॅडव्हेंचर झाडाखाली उभी असेल तर सुट्टीत जाल तेव्हा बॉनेट उघडून बघा. मालकाला विचारून. क्लिप मिळाली तर मेसमध्ये मला गाठा, एका क्लिपीला एक रविवारची फीस्ट माझ्याकडून.